सुनेची फुंकर

सुनेनं उजाडायच्या आत घर सोडायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि विचारलं की पक्षी बघायला गेले होते म्हणायचं, ही कुठली रीत? पक्षी काय जाऊन बघायचे असतात? ते दिसतात. नर्मदाबाईंनी हे लेकाला, ऋषभला, दोनदा ऐकवलं होतं. पण आपल्या बायकोला कॉलेजात पक्ष्यांचंच शिकवायचा पगार मिळतो, यापलीकडे त्या पोराला काही सांगता येईना.

त्या दिवशी चिकू उतरवायला आलेल्या सायवन गावच्या बाया बागेच्या टोकाच्या ओळीत शिरेनात. त्यांतली जिवली घराकडे आली, पण नेहमीसारखी ओट्याला टेकली नाही. लांबूनच म्हणाली, "शेठाणी, तिकडं झाडाला पुरचुंड्या टांगल्यात. हलतात. तुमची सून त्यातलं काढते आन् मंतरून फुंकते."

मग आवाज उतरवून तिनं विचारलं, भगताला बोलवायचं का.

भगतानं एकदा बाईला भुताळी, चेटकीण म्हटलं की ते नाव कुणाला पुसता येत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, नर्मदाबाईंचं स्वतःचं मनही जिवलीच्याच बाजूला उभं होतं. दिवाळीपासून चिकूची फुलं गळत होती. गुडघा धरला होता. ही घरात आली तीही दिवाळीतच.

त्या तरातरा निघाल्या. बाया मागून, अंतर ठेवून.

पुरचुंड्या खऱ्याच होत्या. पांढऱ्या कापडाच्या चिमुकल्या पिशव्या, फांदीला ओळीनं बांधलेल्या. एक आतून लाथा झाडत होती. खाली सून, विनिता, बसली होती. तिच्या मुठीतून, दोन बोटांच्या मधून, चिमणीहूनही लहान मातकट डोकं बाहेर आलं होतं. तिचे ओठ हलले. तिनं त्याच्या पोटावर फुंकर मारली.

"कोणावर फुंकतेस?" नर्मदाबाईंनी विचारलं.

विनिता दचकली नाही. म्हणाली, आई, जाळ्यात धरून, पुढं ओळखता यावा म्हणून याच्या पायात कडी घातलीय, तिच्यावरचा आकडा पुटपुटत होते. आणि फुंकर पिसं बाजूला करायला. हा पार उत्तरेकडून थंडी काढायला आलाय. अंगावर चरबी धरली असेल, तर आपल्या बागेत त्याला पोटाला मिळतंय असं समजायचं.

"माझ्या बागेत कोण उपाशी राहील?" नर्मदाबाई फणकारल्या. पण विश्वास बसला नव्हता. परत फुंक म्हणाल्या, आणि वाकल्या.

पिसं दुभंगली. कागदासारख्या कातडीखाली गोठलेल्या तुपासारखं पिवळं काहीतरी दिसलं. त्या पाखराचा सगळा जीव धडधडत होता.

त्यांनी मागं पाहिलं. जिवलीनं पदर तोंडाला लावला होता. बाकीच्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. संध्याकाळी सायवनला काय पोचणार, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

धरलेल्या गुडघ्यानिशी नर्मदाबाई सुनेशेजारी मातीत बसल्या. दुसरी पिशवी सोडायला लावली. पक्षी विनिताच्याच हातात राहू दिला, आणि बायांकडे तोंड करून, गाल फुगवून, शेवटच्या बाईलाही दिसेल अशी फुंकर मारली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाल्या,

"विनिते, एवढी शिकलीस, पण अडाणीच राहिलीस. हे फुंकणं कुठनं आणलंस म्हणून कुणी विचारलं, तर माहेरचं नाव घेऊ नको. सासूनं शिकवलं म्हणून सांग."