फोनमधलं स्वयंपाकघर

शेवटच्या कपाटाचं दार अजून ओलं होतं, आणि साविनच्या बायकोची गाडी रोमानियातल्या त्यांच्या बर्लाद गावात शिरली होती.

"सारखं बोट लावून बघू नकोस रे," वर्तमानपत्रानं दाराला वारा घालत त्याची थोरली बहीण लेनुत्सा म्हणाली. "तुझे ठसे बघायला येतेय का ती इटलीहून?"

"ताई, डावीकडचं हँडल जरा खाली वाटतंय."

"हँडल सरळ आहे. तूच वाकडा उभा आहेस."

साविनला हसू आलं नाही. त्यानं फोन काढून तो फोटो पुन्हा बघितला. फोटो ओतिलियाचा होता, पण तो बघत होता तिच्या मागचं. सहा वर्षं ती इटलीत, ब्रेशा शहरातल्या एका म्हातारीच्या घरी राहून तिचं सगळं करत होती, आणि सहा वर्षं रोज संध्याकाळी ती फोनवर त्याच स्वयंपाकघरात दिसायची. करडी-हिरवी कपाटं, पितळी हँडलं, ओट्यामागं पांढऱ्याशुभ्र टाइल्स. "काय सुंदर आहे गं," तो एकदा म्हणाला होता. "आहे ना," ती म्हणाली होती.

त्यानं भिंत फोडली नव्हती, ओटा हलवला नव्हता. घरातली जुनीच कपाटं पॉलिश पेपरनं घासून रंगवली, हँडलं बदलली, ओट्यामागं चिकटवायच्या टाइल्स लावल्या. दोन आठवडे कामावरून आला की हेच. रंग तर फोटोतल्याशी जुळेपर्यंत तीनदा परत करून आणला होता. या वेळी तो तिला विचारणार होता, परत न जाता इथंच राहशील का म्हणून. नुसत्या तोंडानं कसं विचारायचं, याची त्याला धास्ती वाटत होती.

फाटकाशी हॉर्न वाजला.

"मी मागच्या दारानं निघते," लेनुत्सा म्हणाली. "कोबीचे सार्माले ओव्हनमध्ये गरम आहेत. आणि ऐक, आल्या आल्या विचारू नकोस. आधी पोटभर जेवू दे तिला."

ओतिलिया आणखी वाळली होती. त्यानं तिची बॅग घेतली, तिला जवळ घेतलं, आणि लगेच स्वयंपाकघराचं दार उघडलं.

ती उंबऱ्यातच थांबली. साविन तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"तू केलंस? एकट्यानं?"

"डावीकडचं हँडल जरा..."

"सरळ आहे," ती म्हणाली.

तिनं कोट काढला. कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून पुसले. ताटल्यांसाठी उजवीकडचं कपाट उघडलं. ताटल्या लग्नापासून डावीकडं होत्या. ती क्षणभर बरण्यांकडं बघत राहिली, मग तिनं दार लोटलं आणि डावीकडून दोन ताटल्या काढल्या. साविनला बसवून तिनं त्याला वाढलं, आणि त्याच्या ताटलीतल्या कोबीच्या गुंडाळ्यांचे सुरीनं बारीक बारीक तुकडे करायला लागली.

"ओतिलिया, मला दात आहेत अजून."

तिचा हात थांबला. "सवय," ती म्हणाली आणि सुरी बाजूला ठेवली.

मग स्वतःची ताटली हातात घेऊन ती सिंकपाशी उभी राहिली.

"बस ना."

"तुझं होऊ दे आधी."

त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला. "तिथं तू उभ्यानं जेवतेस?"

"म्हातारी झोपली की जेवते. खुर्ची सरकली तरी जागी होते. मग हाक मारते." ती अगदी साधेपणानं सांगत होती. "ही असली कपाटं मी रोज दोनदा पुसते, साविन."

"मला वाटलं, तुला आवडतात."

"सुंदर आहेत की. मी कुठं नाही म्हणतेय?"

साविननं काटा खाली ठेवला. सकाळपासून जे वाक्य तो मनात घोळवत होता, ते काही केल्या ओठांवर येईना. तोंडातून निघालं ते भलतंच.

"तुला कोणता रंग हवा?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. सोपा प्रश्न होता, तरी ती कितीतरी वेळ विचार करत राहिली. ताटलीतली वाफ विरून गेली. मग तिनं ताटली टेबलावर ठेवली, समोरची खुर्ची दोन्ही हातांनी अलगद उचलली, आवाज न करता टेकवली आणि बसली. त्या दोघांखेरीज घरात कुणीही नव्हतं.

"पिवळा," ती म्हणाली. कुजबुजतच.