अक्कलदाढ

मीटरच्या पेटीमागे हात घातला आणि बोटांना लोहचुंबकाने चिकटलेली डबी लागली, तेव्हा त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. तरी चेहऱ्यावरची रेषही हलू न देता त्याने डबी अलगद सोडवली. एवढं तो आता शिकला होता.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. एकाने डबा लपवून त्याची जागा फोनवर जाहीर करायची. बाकीच्यांनी तो हुडकायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि होता तसा ठेवून द्यायचा. तो स्वतः कवळ्या बनवणारा कारागीर. पन्नाशीला हा नाद लागला तो मेहुणीमुळे. मेहुणी या खेळात मुरलेली. त्याचं खेळातलं नाव 'अक्कलदाढ' तिनेच ठेवलं. "उशिरा येते आणि सगळ्यांना छळते," असं तिने भर पंगतीत सांगितलं, आणि त्याची बायकोही हसली. बायकोचं हसणं त्याला जास्त लागलं होतं.

वर्ष उलटलं तरी मेहुणीच्या तोंडचं 'नवशिके भाऊजी' काही सुटेना. काल तिने नवा डबा जाहीर केला आणि वर त्याला निरोप धाडला, "हा सगळ्यांच्या आधी शोधलात तर नवशिके म्हणणं बंद. शब्द दिला." खूण एवढीच होती: आपलंच घर समजा.

म्हणून आज हातातलं काम टाकून तो सकाळीच इथे आला होता.

डबीत किल्ली होती. सोबत चिठ्ठी: 'जाताना दार नीट ओढून घ्या.' समोर तळमजल्यावरचं पिवळं दार. तो मनात हसला. मेहुणीच्या मागच्या डब्यासाठी घड्याळजीला जाऊन वेळ विचारावी लागायची, मग तो गल्ल्याखालून डबा काढून द्यायचा. खेळात माणसं घुसवायची तिची खोडच होती.

किल्ली लागली.

"आलास?" आतून आवाज आला. पलंगावर एक आजी उशीला टेकून बसली होती. "किती उशीर."

"शोधायला वेळ लागला, आजी."

"नवीन दिसतोस. रोज वेगळं माणूस धाडतात."

"नवीन नाही मी."

"पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात. खिडकी उघड आधी. मग पाणी दे."

त्याने खिडकी उघडली. पाणी दिलं, उशी सारखी केली, पायावरचं पांघरूण ओढलं. डोळे मात्र चौफेर फिरत होते. कपाटाखाली नाही, कुंडीत नाही, पडद्यामागे नाही. तेवढ्यात फळीवरच्या पेल्याकडे लक्ष गेलं. पाण्यात कवळी होती.

"ती नको," आजी म्हणाली. "टोचते. सांगून सांगून जीभ झिजली माझी. जो तो म्हणतो, होईल सवय."

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे कोडं त्याच्याच धंद्यावर बेतलेलं होतं, खास त्याच्यासाठी. तोंडाने नवशिके म्हणते, पण मनातून मानते तर बया. त्याला एकदम बरं वाटलं.

त्याने हात धुतले, खुर्ची पुढे ओढली, पिशवीतून छोटा आरसा, बॅटरी आणि बारीक कानस काढली. आरसा एरवी डबे शोधताना बाकांच्या खाली डोकावायला असायचा. "कुठे टोचते?"

"डावीकडे. खाली."

हिरडी खरोखर लाल झाली होती. मेहुणी एकदा मनावर घेते तेव्हा कसर म्हणून ठेवत नाही, असं त्याला वाटून गेलं.

त्याने कवळीची कड थोडी घासली, धुतली, बसवून पाहिली. आजीने मान हलवली. पुन्हा घासली. घाई केली नाही. घाईने कड जास्त गेली की कवळी वाया, हे तो विशीपासून जाणून होता. आता डबा, सही, मेहुणी, सगळं जरा मागे पडलं होतं. शेवटी आजीने दात मिटले, जबडा इकडून तिकडे हलवला आणि बिस्किटांच्या डब्याकडे बोट केलं.

तिने बिस्किट चहात न बुडवता खाल्लं. कुरकुर आवाज खोलीभर झाला. तिचे डोळे भरून आले.

"किती दिवसांनी चावलं काहीतरी," ती म्हणाली. मग तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "नाही रे बाबा. तू नवीन नाहीस."

त्याची छाती भरून आली. वर्षभर ज्यासाठी झाडाझुडपांत गुडघे फोडून घेतले, ते वाक्य असं पलंगावरून येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"सही कुठे करायची, आजी?"

"दारामागे. कुठे म्हणजे काय."

दारामागे कागद टांगलेला होता. एकाखाली एक तारखा, पुढे सह्या. मागच्या सह्या सोंगाचाच भाग असणार; आजच्या तारखेपुढे जागा कोरी होती. म्हणजे पहिला तोच. त्याने वळणदार अक्षरात लिहिलं: अक्कलदाढ.

"उद्याही तूच ये," आजी म्हणाली.

"असं सगळ्यांनाच म्हणत असाल."

"नाही. सगळ्यांना नाही म्हणत."

बाईने सोंग मात्र झकास वठवलं, असं म्हणत त्याने दार नीट ओढून घेतलं, किल्ली डबीत आणि डबी मीटरमागे होती तशी ठेवली. फोनवर 'सापडलं' असं टाकलं आणि ताठ मानेने गल्लीतून निघाला. कोपऱ्यावर पोचतो तोच मेहुणीचा फोन आला.

"भाऊजी, सापडलं म्हणून टाकलंय तुम्ही?"

"टाकलंय. दिलेला शब्द आठवतोय ना?"

"अहो, पण काय सापडलं?"

"ते फोनवर सांगायचं नसतं, तूच शिकवलंस. पण मानलं बाई तुला. आणि त्या आजींना तर दहापैकी दहा."

"कोण आजी? भाऊजी, माझी स्कूटर सकाळपासून सुरूच होत नाहीये. आज सकाळी ठेवायचा तो डबा अजून डिकीतच आहे."