गुलाबाची तक्रार

“बारा महिने फुलेल म्हणून हा लाल गुलाब माझ्या गळ्यात मारलात. फुलायचं नाव घेत नाही!” गिऱ्हाईक आजोबांचा हा चौथा फोन. नर्सरी बंद करून मी पुन्हा त्यांच्या गच्चीवर गेले. पानं उलटून पाहिली, माती उकरली. कीड नाही, बुरशी नाही.

आजोबा चहा टाकायला आत गेले, तेव्हा कुंडीमागची बादली दिसली. आत टपोऱ्या कळ्या, काही तर आज सकाळच्याच. प्रत्येकीचा देठ तिरका कापलेला. सुकलेली फुलं छाटायला मीच शिकवलं होतं, अगदी तसा.

आजोबा दोन कप घेऊन आले. “काय म्हणतंय झाड?”

मी बादली पायानं मागे सरकवली.

“दुखणं जुनं आहे, आजोबा. दर रविवारी यावं लागेल.”