एका जागेचा एक मासा

"डॅडी, खरं सांगा, यंदा तुमच्या गळाला एक तरी मासा लागलाय का?"

विचारलं एकदाचं! डार्सीने ओठ घट्ट दाबून हसू आवरलं. "हिंमत असेल तर विचारून दाखव," म्हणून मैत्रिणींनी शाळेच्या बसमध्ये तिला डिवचलं होतं. अख्ख्या गंटर्सव्हिल गावात तो विनोदच झाला होता. डार्सीचा बाप, वेंडेल मॅकएलरॉय! एकेकाळी या तलावावर लोक त्याच्या बोटीमागे चोरून बोटी लावायचे. आणि आता पोरगी बास माशांनी बोटीतली टाकी भरते नि बाप हात हलवत परत येतो.

बोटीच्या पुढच्या टोकाला उभ्या असलेल्या वेंडेलने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मासे ओळखतात गं आता मला. मी दिसलो की पोराबाळांना घरात घेतात."

"काही नाही, तुम्ही घाई करता. पाणी उडालं रे उडालं की झटका! मासा गळाचा रबरी बेडूक नीट तोंडात घेईपर्यंत दम धरायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"म्हातारा झालो."

सप्टेंबरमध्ये तलावावर गवताची जाड गादी पसरते. तिच्यात कुठे कुठे बशीएवढी भोकं असतात, आणि एखाद्या भोकाखाली जबडा वासून बास बसलेला असतो. कुठल्या, ते वरून कळत नाही. वेंडेल पायाने छोटी मोटर चालवत बोट हळूच सरकवायचा. रबरी बेडूक भोकापलीकडे फेकायचा आणि टुणूक टुणूक ओढत आणायचा. धप्प! पाणी फुटायचं. झटका. काहीच नाही. मग डार्सी मागून आपलं रबरी गांडूळ त्याच भोकात अलगद सोडायची. दोरी बाजूला सरकली की ओढलाच तिने!

शनिवारी चर्चची आई-बाप आणि लेकरांनी जोडीने मासे धरायची स्पर्धा होती. शाळेच्या मासेमारी टीमचे कोच ती बघायला येणार होते. टीममध्ये एकच जागा उरली होती, आणि ती आपलीच, असं डार्सीने जेवणाच्या सुट्टीत बाकावर उभं राहून जाहीर केलं होतं. का नाही करणार? या तलावावरच्या सगळ्यात नावाजलेल्या माणसाला ती रोज हरवत होती.

धप्प! या वेळी पाणी असं फुटलं, की दोघंही दचकली. वेंडेलने नेहमीपेक्षा जोरात झटका दिला. बेडूक पाण्यातून सुटला, गोळीसारखा मागे आला आणि फाट्कन डार्सीच्या गालावर बसला.

ती किंचाळली. हात गालावर गेला. आता रक्त, आता टाके, शनिवार गेला!

पण गालावर नुसतं पाणी होतं.

बेडूक तिच्या मांडीवर पडला होता. या बेडकांना दोन गळ असतात, पाठीला चिकटून वर वळलेले. तिने तो जपून उचलला, उलटा केला, सुलटा केला. दोन्ही गळ मुळापासून कापलेले होते. कापलेल्या जागा घासून गुळगुळीत केलेल्या.

"डॅडी, हे काय?"

वेंडेल गुडघ्यांवर बसून तिचा गाल तपासत होता. "लागलं नाही ना? दाखव बघू इकडे."

"गळ कुठे आहेत?"

"सरावाला सगळेच कापतात. स्पर्धेआधी मासे दुखवायचे नसतात."

"आज सराव. मागच्या वर्षी स्पर्धेत?"

तो टोपी काढून तिच्यात बघत राहिला.

"भोकात एकच मासा असतो, पोरी. मी धरला की ती जागा संपली. तो कुणी धरायचा, एवढंच ठरवायचं होतं. मी ठरवलं."

"आणि लोक हसतात ते?"

"हसू देत की. मला तर मजा येते."

"मग मी काय केलं एवढे दिवस?"

"अगं, धरलेस तूच! झटका तुझा, दोरी तुझी. ते मी कुठं केलं?"

"पण कुठे आहे ते तुम्ही सांगत होता."

वेंडेलने बोट किनाऱ्याकडे वळवली. परतताना डार्सीने टाकीतले दोन्ही मासे पाण्यात सोडून दिले. एरवी ती त्यांचे फोटो काढून लगेच मैत्रिणींना पाठवायची. आज फोन खिशातच राहिला. गाल अजून चुरचुरत होता, आणि त्याहून जास्त चुरचुरत होता तो जेवणाच्या सुट्टीतला बाक.

घरी आईने मक्याचा पाव आणि तळलेली भेंडी टेबलावर मांडली. एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"कळलं वाटतं हिला," ती म्हणाली.

"म्हणजे तुलाही ठाऊक होतं!" डार्सीने काटा खाली ठेवला. एरवी एवढ्यावर दणदण जिना चढून तिने दार आपटलं असतं. आज ती खुर्चीतच ताठ बसली.

"गालाला काही लावू का?" आईने विचारलं.

"नको. माझं ऐका दोघं. शनिवारी बोटीत पुढे मी उभी राहणार."

"त्या दिवशी कोच येणारेत, डार्सी," वेंडेल म्हणाला. "पुढे राहून माशाची एकही जागा सापडली नाही तर? तुझी टीममधली जागा जाईल."

"जाऊ दे. पुढच्या वर्षी मिळवीन. लागलेला मासा ओढता येतो मला, डॅडी. कुठे आहे ते शोधता येत नाही, आणि ते शिकल्याशिवाय मला कुठल्याच टीममध्ये जायचं नाही. शनिवारी बिनगळाचा बेडूक मी टाकणार. तुम्ही मागे बसायचं, आणि मासे तुम्ही धरायचे."