डावा पाय

वलवणच्या जुन्या गाड्यांच्या आवारात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. सारखाच लाल रंग, सारखंच बसक्या बांध्याचं स्पोर्ट्स मॉडेल. एक गिअरची, दुसरी ऑटोमॅटिक. गौरव पुन्हा पुन्हा गिअरच्या गाडीभोवती फिरत होता आणि तोंडानं मात्र दुसरीचं कौतुक करत होता.

"आबा, हिच्यात तुम्हाला कुणाची गरज नाही लागणार. क्लच नाही, गिअर टाकणं नाही. उजवा पाय आणि उजवा हात, बस."

हनुमंतानं मान डोलावली. पोराचा जीव कुठल्या गाडीत अडकलाय हे न कळायला तो काय आंधळा होता? पण पोरगं बापासाठी मन मारत होतं, आणि ते बघून त्याचा ऊर भरून आला. टेम्पो विकल्यापासून त्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. डाव्या हाताची बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेली. उरलेल्या तळव्यानं स्टिअरिंग दाबून धरता यायचं, गिअर मात्र टाकता यायचा नाही.

"मावशी, तुम्ही पुढं बसा," गाड्या विकणारा राजेंद्र म्हणाला.

हनुमंताची बायको शालन कधीच पुढं बसली होती. ती जागा तिचीच. बोटं गेल्यावरही हनुमंतानं भाजीचा टेम्पो चालवला तो तिच्या जोरावर. तो क्लच दाबायचा, ती गिअर टाकायची. आधी आधी तो 'हं' म्हणायचा. पुढं त्याचीही गरज उरली नाही. त्याचा डावा पाय हलला की तिचा उजवा हात हलायचा. कान्हे गावातली माणसं चेष्टा करायची, 'हनुमंता, लायसन नक्की कुनाच्या नावावर हाय रं?' तो हसून सोडून द्यायचा. घर त्या हातावर चाललं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. नवराबायकोत कुठं कुणी आभार मानतं का!

हनुमंतानं ऑटोमॅटिक चालवून बघायला काढली आणि कुरवंड्याच्या रस्त्याला घेतली. चालायला अगदी लोणी. मागच्या सीटवर गौरवशेजारी बसून राजेंद्र गाडीचे गुण गात होता. चढ लागला, इंजिनाचा आवाज जड झाला आणि हनुमंताचा डावा पाय सवयीनं खाली गेला. खाली क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. गाडी गचकन थांबली. राजेंद्रचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"आबा, डावा पाय विसरायचा! डावा पाय नाहीच असं समजा!" गौरव ओरडला.

हनुमंताचं तिकडं लक्ष नव्हतं. तो शालनच्या हाताकडं बघत होता. त्याचा पाय खाली गेला त्याच क्षणी तिचा हात गिअरच्या दांड्यावर येऊन बसला होता. तिनं तो चटकन मागं घेतला आणि पदराखाली लपवला, चोरी पकडल्यासारखा.

हनुमंतानं गाडी कडेला घेतली.

"गौरव, गेरचीच घे."

गौरवचा चेहरा एकदम उजळला. मग त्यानं तो सावरला. "अन् तुम्ही चालवणार कशी?"

"चालवत हुतो तशी. हिच्यात तुझ्या आईला कामच न्हाई. मला तिच्याबिगार गाडी चालवायची न्हाई." "त्या हातानं आपल्याला वर काढलं. त्यो हात असा पदराखाली न्हाई ठिवायचा."

एवढं मोठं भाषण त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं. त्याला हलकं वाटलं, थोडी लाजही वाटली. आता शालन डोळ्याला पदर लावणार, असं तो धरूनच चालला होता.

शालननं तसलं काही केलं नाही. "मला इचारलं का कुनी?" ती म्हणाली.

तिनं हनुवटीनं समोरचा रस्ता दाखवला.

"ह्याच रस्त्यानं आपुन रोज भाजी घिऊन गेलो. समदी म्हंत्यात, हितनं डोंगरावरची नागफणी लय झ्याक दिसती. मुंबईची लोकं मुद्दाम बघाया येत्यात. मी न्हाई कवा बघितली. नजर हलली अन् गेर चुकला तर? म्हनून तुमच्या पायाकडं बघत बसले." ती हसली. "लय बघितला तुमचा पाय. आता मला भाईर बघू द्या. हीच घ्या."

तिनं आपलं ओझं उचललं, हे हनुमंताला माहीत होतं. त्यापायी तिचं काय बघायचं राहिलं, हे आज कळत होतं. त्यानं तिच्याकडं बघून नुसती मान डोलावली. तिला तेवढं पुरलं.

"हीच घेऊ," गौरव म्हणाला. गिअरच्या गाडीला त्यानं मनातल्या मनात रामराम ठोकला.

हनुमंतानं डावा पाय सीटखाली ओढून घेतला. बटण दाबून शालनच्या बाजूची काच खाली केली. गाडी पुन्हा चढाला लागली. आवाज जड झाला तसा तिचा हात उचलला गेला, अर्ध्यातून परत फिरला आणि खिडकीवर जाऊन टेकला. वळणावर नागफणीचा कडा समोर उभा राहिला, पावसाळा सरल्यामुळं लख्ख.

मागं गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. स्पोर्ट्स मॉडेल बैलगाडीच्या चालीनं चाललं होतं.

"आबा," गौरव न राहवून म्हणाला, "जरा पळवा की. पळणारी गाडी आहे ही."

"थांब लेका," हनुमंत म्हणाला. "तिचं बघून व्हायचंय अजून."