भेगेवरची काच

थोरलीचा पहिला दात पडला त्या वर्षी वडिलांनी शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि दारावर माती परीक्षणाची पाटी लावली. यंत्र म्हणाल तर हाताने फिरवायचं एक गिरमिट. घर बांधण्याआधी जमीन तपासायची पद्धत तेव्हा फारशी नव्हती. लोक हसायचे. वडील भोक पाडायचे, वर आलेली माती बोटांत चुरडायचे आणि पाया किती खोल घ्यायचा ते सांगायचे. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांची एकच ताकीद असे, "मालकाला विचारू नका. भोक पाडा."

थोरली इंजिनियर होईपर्यंत कंपनीकडे दोन ड्रिलिंग मशीन आली होती. धाकटा रसायनं शिकून आला आणि सांडपाण्याची, विहिरींची तपासणी सुरू झाली. मग गावाबाहेरच्या दगडखाणीचं काम आलं. कचऱ्याने बुजलेली ती जागा कोणी फुकटसुद्धा घेत नव्हतं. वडिलांनी सगळा कचरा उपसला, थरावर थर भराव दाबला. तरी कोणी घर बांधायला धजेना. तेव्हा पहिलं घर त्यांनी स्वतःचं बांधलं. मागोमाग चाळीसेक घरं उभी राहिली.

त्या कामाने कंपनीचं नाव झालं. पूल आले, धरणं आली, शहरात पाच मजली ऑफिस आलं. मुलं तिकडे गेली. आई वारली. वडील खाणीवरच्या घरातून हलले नाहीत. शेजारच्या नर्सकडे एक किल्ली असायची. ड्युटीला जाताना ती डोकावून जायची.

एका पावसाळ्यात तिनेच फोन केला. "ताई, काकांच्या खोलीत भिंतीला भेग पडलीय."

थोरली आली. तिने भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली. भिंत केसभर सरकली तरी काच तडकणार.

"माझ्याच घराला पेशंट केलंस होय?" वडील म्हणाले. त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी बशीत सांडत होता.

पुढच्या रविवारी काच फुटलेली होती. दुसरी बसवली, तीही फुटली. तिसरी फुटली तेव्हा धाकटाही आला, भर पावसात, दोन वर्षांनी पहिल्यांदा.

थोरलीचा चेहरा उतरला होता. भराव सरकत असेल तर चाळीस घरं जाणार होती, आणि नशीब खोटं असेल तर आतली माणसंही. तिने घरोघरी जाऊन सांगितलं, सामान बांधून ठेवा. मंगळवारी ड्रिलिंग मशीन येणार होतं. संध्याकाळपर्यंत दोन टेम्पो गल्लीत लागलेसुद्धा.

वडील मात्र दोन घास जास्त जेवले.

धाकट्याने बहिणीला बाजूला घेतलं. "ताई, एक बघ. काच फुटली की तू येतेस. तिसरी फुटली, मी आलो. चौथी फुटली की नातवंडं येतील."

"काहीतरी बोलू नकोस."

"मग ती हातोडी बघ."

दगड फोडायची छोटी हातोडी इतकी वर्षं दाराजवळच्या खिळ्याला असायची. ती वडिलांच्या उशाशी होती.

नर्सला विचारलं तर ती म्हणाली, "हो की! दुपारची ठकठक चालू असते काकांची. मला वाटलं, खिळे ठोकतायत."

थोरली वडिलांसमोर जाऊन बसली. "बाबा, खरं सांगा. काच तुम्ही फोडता?"

वडिलांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरची म्हातारी टेम्पोत आपली गादी चढवू देत नव्हती. मग त्यांनी दोन्ही मुलांकडे पाहिलं.

"हो म्हटलं तर यायचं बंद कराल?"

"नाही हो. दर रविवारी येऊ. शप्पथ."

"मग समज मीच."

थोरली आधी रडली, मग हसायला लागली. "चाळीस घरांच्या पोटात गोळा आणलात, बाबा!"

"शंभर इंजिनियर पोसतोय आपण," धाकटा म्हणाला, "आणि एका म्हाताऱ्याने सगळ्यांना पळवलं."

तिने फोन करून मशीन रद्द केलं. गल्लीत बातमी फुटली तशी आधी शिव्या आल्या, मग हशा. टेम्पोवाला दारातून ओरडला, "काका, पुढच्या खेपेला नुसता मिस्ड कॉल द्या, मी आणतो पोरांना उचलून!" वडीलही हसले. समोरच्या म्हातारीची गादी परत आत गेली.

मग रविवार ठरूनच गेले. नातवंडं यायची, पत्ते रंगायचे, वडील मुद्दाम हरायचे. थोरलीने चौथी पट्टी गंमत म्हणून बसवली. पावसाळा सरला, दोन महिने झाले, काच जशीच्या तशी. ऑफिसात नव्या पोरांना हा किस्सा सांगितला जाऊ लागला. थोरलीला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागायला लागली. जमीन पक्की होती. वडिलांचं काम पक्कं होतं.

हिवाळ्यात एकदा अवेळी पाऊस लागला. मंगळवारी सुरू झाला तो थांबेचना. गुरुवारी संध्याकाळी थोरलीला नर्सचा फोन आला.

"ताई, सकाळी खिडकी लावायला गेले तेव्हा काच धड होती. आत्ता कुलूप काढलं तर दोन तुकडे. भेगही रुंद वाटतेय."

"आत कोण गेलं होतं?"

"कोणी नाही. किल्ली माझ्याकडेच आहे."

थोरलीने मनात दिवस मोजले. फोन तसाच कानाला होता.

वडील सोमवारी पहाटे वारले होते.