दुसऱ्या बाजूवरची हाक

"सही कर." व्हर्डेलने कागद टेबलावर आपटला. "उद्या चर्चमध्ये द्यायचाय. त्या रेकॉर्डच्या स्मृतिपाटीवर हाक देणारी म्हणून आईचं नाव कोरायचं तर दोन्ही मुलींची सही हवी."

ओझेलाने कागदाकडे बघितलंही नाही. एकोणऐंशी वर्षांची ती बाई शेगडीवरच्या पालेभाजीत डाव फिरवत राहिली.

"त्या रेकॉर्डवरची हाक आईची नाही, पोरी."

"पोरी म्हणू नकोस मला. बहीण आहे मी तुझी, बासष्ट वर्षांची! मेलेल्या बाईची एक हाकसुद्धा तुला बघवत नाही?"

ती हाक डेट्रॉइटच्या त्या वस्तीत कुणाला ठाऊक नव्हती? त्रेसष्ट साली न्यू कॅनान चर्चमध्ये रेव्हरंड टल यांनी बायबलमधल्या हागारचं, मालकीण साराने लेकरासकट घराबाहेर काढलेल्या दासीचं, प्रवचन गायलं आणि त्याची रेकॉर्ड निघाली. त्यांचं बोलणं हळूहळू सुरात शिरायचं, मग सूरच बोलायला लागायचा. दुसऱ्या बाजूवर वाळवंट येतं. पाणी संपतं. हागार लेकराला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते. रेव्हरंड श्वासाला थांबतात, आणि तेवढ्यात बाकांमधून एक बाई किंचाळते, "उचल तिला! अगं, उचल तिला!" पाठोपाठ एक तान्हं बाळ रडतं.

हागारचं लेकरू मुलगा होता. त्या 'तिला'वरून आईची चर्चभर थट्टा व्हायची. आई हसून म्हणायची, "पवित्र आत्मा उतरला की मुलगा काय नि मुलगी काय!" आणि रडणारं बाळ म्हणजे व्हर्डेल, पाच आठवड्यांची, पहिल्या बाकावर दुपट्यात ठेवलेली. "साराला दिलं तसं देवाने मला उतारवयात लेकरू दिलं," हेही आई दर वेळी सांगायची.

व्हर्डेल त्या रेकॉर्डवर वाढली. शाळेतून आली की आधी सुई, मग दूध. पुढे कपाट भरून रेकॉर्ड जमल्या. दर वाढदिवसाला ओझेला एक आणून द्यायची, कागदात न गुंडाळता, न बोलता. पण जीव होता तो या एकीवर.

"तुला गाण्यातलं काय कळतं गं?" व्हर्डेल कडाडली. "बाराव्या वाढदिवसाला मला चर्चची गाणी गाणाऱ्या चौघा भावांच्या जलशाला नेलंस. अख्खं सभागृह उभं होतं, बायका टोप्या उडवत होत्या. आणि तू? कोटाची बटणं लावून बसलीस. स्टेजकडे एकदा मान वळवली नाहीस. माझ्याकडे बघत होतीस, चोरावर पहारा द्यावा तशी!"

"मला जे बघायचं होतं ते मी बघितलं."

"कोरडी ती कोरडीच! एका तरी फोटोत मी तुझ्या कडेवर आहे? आईच्या आहे, काकूच्या आहे, शेजारणीच्या कुत्र्यालासुद्धा मिठी मारून आहे!"

डाव थांबला. "नाही. एकाही नाही."

"मला ठाऊक आहे तुझं दुखणं. आई बाळंतपणाला अलाबामात मावशीकडे गेली, मदतीला तुला नेलं. सतराव्या वर्षी तुझी शाळा बुडाली. त्याचा सूड उगवतेस अजून!"

ओझेलाने डाव बाजूला ठेवला. मग म्हणाली, "रेकॉर्ड आणलीयस ना? लाव. हाक नको ऐकूस. हाकेच्या मागचं ऐक."

व्हर्डेलने दात-ओठ खात सुई ठेवली. खरखर. रेव्हरंडांचा आवाज चढत गेला. मागे गायकवृंद गुणगुणत होता, आणि त्या गुणगुणण्यात एक खर्जातला, जरा खरबरीत आवाज. तो तिने हजारांत ओळखला असता. त्याच आवाजावर ती लहानपणी झोपायची.

रेव्हरंड थांबले. "उचल तिला! अगं, उचल तिला!"

हाकेखाली आईचं गुणगुणणं चालूच होतं. एक सूरही तुटला नव्हता.

व्हर्डेलने सुई मागे नेली. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. बाळ रडतच राहिलं.

"म्हणजे आई खोटं बोलली?" तिचा आवाज फाटला. "आणि तू तोंड शिवून बसलीस, एवढी वर्षं? कोण होती ती बाई? चर्चभर किंचाळायला येतं, एवढा कळवळा येतो, मग चार पावलं चालून मला उचललं का नाही तिने?"

ओझेलाने शेगडी बंद केली. ओले हात कितीतरी वेळ एप्रनला पुसले.

"मला मनाई होती, पोरी."